तुला गोंगाट लागायचा

वनिता,

काल तुझ्या गावाहून परत आले. तुझ्या देवरामदादांनी वणीपर्यंत जीपने सोडलं, पुढे एसटी मिळाली. घरात पाऊल टाकल्या टाकल्या आई म्हणाली, "दोन घास खा आणि पड जरा." मला ना खाववत होतं ना पडवत होतं. तुझ्याशी बोलणं अर्धवट राहिलंय, असं सारखं वाटत होतं. आज ते लिहायला बसलेय.

आपली ओळख झाली ती एका विचित्र गोष्टीवरून. मला अभ्यासाला शांतता लागायची आणि तुला गोंगाट. ऐकणाऱ्याला वाटायचं, आपण उलटं सांगतोय. पंचवटीच्या भाजीबाजाराला लागून असलेल्या गल्लीत, घंटा, हॉर्न आणि भोंग्यांमध्ये वाढलेली मी. आणि तू सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरची. तिथे दुपारी कोंबडी ओरडली तरी सगळा पाडा मान वर करून बघतो, हे मी आता डोळ्यांनी पाहून आले.

गंगापूर रोडच्या त्या अभ्यासिकेत तुझी खुर्ची माझ्या शेजारची होती. मधे प्लायवूडची फळी. समोर भिंतीवर मोठ्या अक्षरात 'शांतता राखा'. मला तर ती जागा स्वर्ग वाटायची. पंख्याचा आवाज सोडला तर काही नाही. आणि फळीच्या पलीकडे तू. कधी पाय आपटायचीस, कधी पेनाचं टोपण टकटक वाजवायचीस, कधी नाकातल्या नाकात गुणगुणायचीस. दोनदा मालकांनी येऊन समज दिली. मीही एकदा फळीवर टकटक करून "श्शू" केलं होतं. मग तू पुस्तक घेऊन खाली गेलीस. चहा प्यायला उतरले तर तू टपरीच्या बाजूला, रस्त्याकडे तोंड करून, उभ्याने वाचत होतीस. समोरून ट्रक चाललेले. टपरीवाल्याचा स्टोव्ह भणाणत होता.

मी विचारलं, "इथं कसं वाचतेस? वर का नाही बसत?"

तू म्हणालीस, "वर ऐकू येतं."

"काय ऐकू येतं? वर तर काहीच आवाज नाही."

"तेच ना," म्हणालीस आणि पान उलटलंस.

मला वाटलं, ही पोरगी आगाऊ आहे. नंतर कळलं की तू अगदी सरळ उत्तर दिलं होतंस.

थोड्याच दिवसांत तू अभ्यासिकेत येणंच बंद केलंस. खुर्ची रिकामी, टेबलावर फक्त तुझी पाण्याची बाटली. तू सीबीएसच्या बसस्टँडवर जाऊन बसायला लागली होतीस. फलाटावरच्या सिमेंटच्या बाकावर, मांडीवर पुस्तक. वर स्पीकरवरून गाड्यांची नावं, मागे कंडक्टरच्या आरोळ्या, शेंगदाणेवाले, रडणारी पोरं. तिथं तुझं डोकं असं लागायचं की मी येऊन शेजारी बसले तरी तुला पत्ता नसायचा. अंकगणिताची जी गणितं मला अभ्यासिकेच्या शांततेत सुटायची नाहीत, ती तू मालेगावची गाडी लागता लागता सोडवायचीस.

पण बाई माणूस स्टँडवर रोज बसली की लोक वाचणाऱ्या डोळ्यांकडे बघत नाहीत. एका पोलिसाने तुला हटकलं. कुणीतरी बाकावर सरकून सरकून बसायला लागलं. आणि एके दिवशी देवरामदादा येऊन उभे राहिले. मी तेव्हा तुझ्यासाठी वडापाव घेऊन आले होते. जीपच्या चाव्या हातात, चेहरा लाल.

"वने, ऊठ," ते म्हणाले. "माझ्या गाडीत बसलेला माणूस बोलला, तुझी बहीण दिवसभर ष्टँडवर आसती. कुणाची वाट बघती म्हनं."

तू मान वर केलीस. "कुणाची नाय, दादा. वाचते."

"वाचाय जागा नाय का नाशकात?"

मी मधे पडले, मी कोण ते सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तू पुस्तक बंद केलं नाहीस, की आवाजही चढवला नाहीस. फक्त सरकून जागा केलीस. "बस. बघ कुणी येतं का."

आणि ते खरंच बसले. ती सगळी दुपार. जीपची फेरी बुडवून. तू वाचत राहिलीस आणि ते तुझ्याकडे, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे, स्पीकरकडे बघत राहिले. ऊन फलाटावर आलं तेव्हा उठले आणि म्हणाले, "मला काय नाय समजलं. पण तू वाचतच व्हतीस." मग पहिल्यांदा माझ्याशी बोलले, "ताई, पण इथं नको. दुसरीकडं कुठं तरी बघा हिचं."

तेव्हा मला सुचलं ते आजही माझ्या आयुष्यातलं सगळ्यात शहाणपणाचं सुचणं वाटतं. मी म्हटलं, "माझ्या घरी बसू दे. आमच्याकडे आवाजाला तोटा नाही." माझी सोडून तुझी अभ्यासिकेतली खुर्ची मी घेतली आणि माझी घरातली खिडकी तू. सकाळी आपण निमाणीच्या बसथांब्यापाशी भेटायचो. तू माझ्या घराकडे, मी तुझ्या खुर्चीकडे. संध्याकाळी परत आले की तू आणि आई पोटभर गप्पा मारत असायचात. खरं म्हणजे आई बोलायची आणि तू वाचता वाचता "हां" म्हणायचीस. जन्मभर माझ्यावर वैतागलेल्या माझ्या आईला पहिल्यांदा अशी मुलगी मिळाली, जिच्यासमोर मिक्सर लावला तरी ती आभार मानते. तू आली नाहीस तर आई टीव्ही लावायची नाही. "कुणासाठी लावू?" म्हणायची.

त्या हिवाळ्यात एकदा मी दुपारीच घरी आले. तू खिडकीत नव्हतीस. आतल्या खोलीत आईने तुझे गुडघे गरम फडक्याने शेकायला घेतले होते. गुडघे सुजून टम्म. आई माझ्याकडे वळून म्हणाली, "हिला सिकलसेल आहे, रक्ताचा तो आजार. तुला माहीत होतं?"

मला माहीत नव्हतं. इतके महिने एका डब्यात जेवून माहीत नव्हतं.

तू त्याच दिवशी मला सगळं सांगितलंस, तेही असं, जणू दुसऱ्या कुणाचं सांगतेस. लहानपणी हातपाय दुखायला लागले की तू रात्रंदिवस रडायचीस. दवाखाना लांब. मग आय तुला कडेवर घेऊन भातगिरणीत जायची. मशीन सुरू झालं की तुझं रडणं थांबायचं. बाजाराच्या दिवशी सुरगाण्याच्या गर्दीत तू गप्प राहायचीस, घरी आलं की पुन्हा सुरू. "गप्प जागेत बसले ना शीतल, की मला माझी हाडं ऐकू येतात," तू म्हणालीस. "रोज नाही दुखत. पण आतून कायम काहीतरी चालूच असतं. बाहेर आवाज असला की ते मागं जातं. मग पुढं पुस्तक दिसतं."

मी म्हटलं, "आणि मी तुला फळीवरून श्शू केलं होतं."

तू हसलीस. "तू होतीस होय ती?"

आपली ती सरकारी भरतीची परीक्षा आठवते का? परीक्षेच्या हॉलमध्ये गोंगाट कुठून आणायचा? महिनाभर आधीपासून मी तुला शांततेची सवय लावायला बघत होते. कुलूप लावून बंद खोलीत बसवायचे. तू बसायचीस, घामाघूम व्हायचीस, अर्धा पेपर सोडवून दार वाजवायचीस. यावरून आपण कडाक्याने भांडलो. मी म्हणायचे, मनाला वळण लावावं लागतं. तू म्हणायचीस, "मनाचं नाही गं हे, हाडांचं आहे. हाडांना काय वळण लावणार?"

आणि मग त्या दिवशी नशिबाने एकाच वर्गात नंबर आला. पेपर हातात पडला आणि शाळेच्या मागची भिंत पाडायला कुणीतरी ब्रेकर सुरू केला. धडधडधडधड. बाक हलायला लागले. पोरं चिडली, दोघं-तिघं उठून पर्यवेक्षकांकडे गेली. "सर, आधी ते बंद करायला सांगा, लिहायचं कसं?" ते बिचारे खिडकीतून हात हलवायला लागले. तेवढ्यात तू मागच्या बाकावरून उठून म्हणालीस, "सर, चालू द्या ना. आमच्याकडं लग्नात याच्यापेक्षा मोठा आवाज असतो." सगळा वर्ग हसला. मी मागे वळून बघितलं. तू केव्हाच खाली बसून लिहायला लागली होतीस. मशीन कुणी बंद केलं नाही.

तू लागलीस, मी राहिले. खरं सांगू, राग आला होता. तुझा नाही, त्या मशीनचा. निकालाच्या दिवशी तू पेढे घेऊन आलीस, पहिला आईच्या तोंडात घातलास, मला द्यायला हात पुढे केलास आणि तुझ्याच डोळ्यांतून पाणी आलं. मी तुझी समजूत काढत होते! नापास मी आणि समजूत मी काढतेय, हे आईने पुढे सगळ्या गल्लीला सांगितलं.

दिंडोरीच्या कचेरीत रुजू झाल्यावर साहेबांनी तुला आतली खोली देऊ केली. तू म्हणालीस, "आत माझ्या चुका होतील, साहेब. मला बाहेर खिडकीवर बसवा." खिडकी म्हणजे दाखल्यांची. जिथं बसायला कुणी तयार नव्हतं, कारण दिवसभर माणसं अंगावर ओरडत असतात. तू तिथं सुखात होतीस. मी एकदा तुला न सांगता आले होते. रांग दारापर्यंत. एक म्हातारे बाबा तावातावाने काहीतरी विचारत होते, दोन बाया एकमेकींवर ओरडत होत्या. आणि तू मान खाली घालून, जराही न चुकता, एकेकाचं काम पुढे सरकवत होतीस. मधेच मान वर करून त्या बाबांना म्हणालीस, "बाबा, तुम्ही बोला, मी ऐकतेय." मी रांगेच्या मागूनच परत फिरले. त्या दिवशी मला तुझा फार अभिमान वाटला. हे तुला सांगितलंच नाही कधी. आता सांगतेय.

पण मला तुझ्याशी जे बोलायचंय ते हे नाही.

या थंडीत तुझा फोन आला. आवाजावरूनच कळलं. कंबर, छाती, खांदे दुखतायत म्हणालीस, आणि तेही मी खोदून विचारल्यावर. आठवडाभर दुखत होतं. तू रोज खिडकीवर जात होतीस.

"दवाखान्यात जा," मी म्हटलं.

"शनिवारी जाते. दाखल्यांची लय गर्दी आहे."

"दुखतंय ना तुला?"

"इथं बसले की नाही दुखत."

"दुखत नाही असं नाही, वनिता. तुला ऐकू येत नाही एवढंच."

मागे रांगेतला कालवा मला इकडे ऐकू येत होता. मग म्हणालीस, "ऐकू आलं नाही म्हणून तर मी इथवर आले, शीतल." आणि लगेच, "चल, लाइन मोठी झालीय," म्हणून फोन ठेवलास.

हे आपलं शेवटचं भांडण, आणि ते तसंच लोंबकळत राहिलंय. त्यानंतरचा प्रत्येक दिवस मी तुला मनातल्या मनात उत्तर देतेय. कधी वाटतं, तू म्हणालीस तेच खरं. ते दुखणं ऐकत बसली असतीस तर पाड्याच्या बाहेर पडली नसतीस. दहावीसुद्धा झाली नसतीस. भातगिरणीने, स्टँडने, आमच्या गल्लीने, त्या ब्रेकरने तुला हात धरून पुढे नेलं. आणि कधी त्याच आवाजांचा इतका संताप येतो की कान फोडून घ्यावेसे वाटतात. शरीर हाका मारत होतं आणि त्यांनी तुला ते ऐकू दिलं नाही. दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल? तू असतीस तर तुझ्या पद्धतीने एका वाक्यात मला गप्प केलं असतंस. मी डॉक्टरांना विचारलं, आठवडाभर आधी आली असती तर? ते म्हणाले, या आजारात असं सांगता येत नाही. मला हो किंवा नाही, यातलं काहीतरी एक हवं होतं.

शनिवार यायच्या आधीच तुझे कचेरीतले लोक तुला नाशिकला घेऊन आले. दुखणं फुप्फुसात गेलं होतं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, हाताला रक्ताची पिशवी. वॉर्ड कसा गप्प होता, वनिता! मला पहिल्यांदा त्या गप्पपणाची भीती वाटली. तुला आत काय काय ऐकू येत असेल, याची. मी घरी फोन केला आणि आईला म्हटलं, खिडकीत उभी राहा आणि बाजाराचा आवाज रेकॉर्ड करून पाठव. आईने पाठवला. त्यात मधेच तिचाच आवाज, "कोथिंबीर कशी दिली गं?" आणि खालून, "घ्या ना काकू, लावते बरोबर." सिस्टर म्हणाल्या, हळू लावा, बाकीच्या पेशंटला त्रास नको. मी फोन तुझ्या उशीला टेकवून ठेवला. कोथिंबिरीपाशी आलं की तुझे ओठ मास्कच्या आत हलायचे. हसत होतीस, मला खात्री आहे. एक अख्खा दिवस तो आवाज पुन्हा पुन्हा वाजत राहिला आणि तुझं बोट चादरीवर टकटक करत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवरामदादा औषधं आणायला खाली गेले होते. तू मास्क बाजूला केलास आणि म्हणालीस, "बंद कर."

मला वाटलं नीट ऐकू आलं नाही. "आवाज कमी करू?"

"बंद."

मी बंद केला. तू डोळे उघडे ठेवून वर छताकडे बघत होतीस. कपाळावर आठी होती. मी हात धरला, विचारलं, "दुखतंय का?" तू मान हलवली नाहीस. ना हो, ना नाही. थोड्या वेळाने डोळे मिटलेस. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस.

का बंद करायला सांगितलंस, वनिता? दमली होतीस? की खरंच थांबलं होतं? की जे जन्मभर आवाजाखाली दाबून ठेवलं, ते एकदा नीट ऐकून घ्यायचं होतं तुला? तुझे दिवस होईपर्यंत मी तुझ्या घरी, तुझ्या आयच्या शेजारी बसून होते आणि माझ्या डोक्यात हेच. आयसमोर नागलीची भाकरी ठेवायचे, ती तशीच राहायची. आजूबाजूच्या बायका घास भरवायला बघायच्या, ती तोंड फिरवायची.

काल वणीला जीप थांबली तेव्हा मी उतरायला लागले, तर देवरामदादांनी चावी काढली नाही. इंजिन चालूच. समोर बघत म्हणाले, "ताई, एक विचारायचं व्हतं. शेवटी काय बोलली का वनी? मी खाली गेल्तो तवा. आय रोज विचारती. जेवत नाय ती, पण हे विचारती."

मी खोटं बोलू शकले असते. तुमचं नाव घेतलं, 'आय' अशी हाक मारली, असं काहीतरी. पण मी आहे तेच सांगितलं. "मी फोनवर आवाज लावला होता. 'बंद कर' म्हणाली."

"बंद कर म्हनली? वनी?"

"हो."

ते बराच वेळ स्टिअरिंगवरून हात फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "मग तवा दुखत नसंल तिला. दुखत आसताना ती आवाज बंद करू द्यायची नाय. लहानपणी बी नाय. मशीन बंद झालं का वरडायची." आणि माझ्याकडे वळून बघितलं. सगळ्या चेहऱ्यावर एकच गोष्ट होती, मी हो म्हणावं ही. "आयला तसंच सांगू ना, ताई?"

मला तुझ्या कपाळावरची आठी दिसत होती. त्यांना ती दिसली नव्हती. ते खाली गेले होते.

मी म्हटलं, "तसंच सांगा, दादा."

वनिता, तुझ्या वतीने मी हे बोलले. तू मला ना हो म्हणालीस ना नाही, आणि मी तुझ्या आयला हो कळवलं. रात्रभर वाटत होतं, हा हक्क मला कुणी दिला? मला माहीत नसलेलं मी ठासून कसं सांगितलं?

आज सकाळी देवरामदादांचा फोन आला. पाड्यावर रेंज येत नाही, टेकाडावर चढून केला होता, धाप लागलेली. त्यांनी आयला सांगितलं म्हणे. आय उठली. चुलीपाशी गेली, स्वतःच्या हाताने भाकरी वाढून घेतली आणि जेवली.